पडदा उघडण्याआधी

बॅलेचे संगीत लहान मुलाला पहिल्यांदा भेटते ते बहुधा विस्कळीत अवस्थेत. नाट्यगृहातले दिवे अजून चालू असतात, लोक आपापल्या खुर्च्या शोधत असतात, आणि रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसलेले वादक वाद्ये तपासत असतात. कुणी एखादी अवघड जागा पुन्हा पुन्हा घोटतो, कुणी पितळी वाद्यात नुसतीच लांब फुंक मारून पाहतो, कुणी खुंटी पिळून तार चढवतो. मग एक ओबो एकच स्वर धरून ठेवतो आणि बाकीची वाद्ये एकेक करून त्या स्वराला येऊन मिळतात. मोठ्यांच्या लेखी ही कार्यक्रमापूर्वीची तयारी असते. मुलाच्या लेखी कार्यक्रम सुरू झालेला असतो. कठड्याआड बसलेले वादक त्याला दिसत नाहीत. जमिनीखालून येणारा तो आवाज पायांना, खुर्चीला, पोटाला आधी कळतो. मग दिवे मंदावतात. पडदा मात्र अजून बंदच असतो.

मैफलीतले संगीत समजायला थोडी सवय लागते. बॅलेच्या संगीताची गोष्ट वेगळी आहे. ते मुळातच शरीरासाठी लिहिलेले असते: कुणी कधी वळायचे, कधी उचलून धरायचे, कधी श्वास घ्यायचा, हे त्यातच सांगितलेले असते. त्यामुळे ज्याला संगीतातले काही कळत नाही, त्या मुलालाही ते काहीतरी करायला सांगते. हात नकळत हलतो, टाच खुर्चीच्या पायाला ठेका देते. हे संगीत कसे आहे हा प्रश्न मुलाला पडत नाही. यात आपण कुठे, एवढाच प्रश्न त्याला पडतो.

या प्रश्नाची तीन उत्तरे तीन मुलांनी आयुष्यभर दिली, आणि तिघांनी ती एकाच नाट्यगृहात, एकाच बॅलेमधून उचलली. नाट्यगृह सेंट पीटर्सबर्गचे मारिइन्स्की, आणि बॅले ‘द स्लीपिंग ब्यूटी’. मुलांची नावे आना पाव्हलोव्हा, इगॉर स्त्राव्हिन्स्की आणि जॉर्ज बॅलनशीन.

या बॅलेचा संगीतकार प्योत्र इलिच चायकोव्हस्की स्वतः अशाच एका बालपणीच्या ऐकण्यातून घडला होता. त्याचा जन्म १८४० साली व्होत्किन्स्क या गावी झाला. वडील तिथल्या लोखंडाच्या कारखान्याचे प्रमुख होते. घरात ऑर्केस्ट्रिऑन नावाचे यांत्रिक वाद्य होते. आतली नक्षीदार नळकांडी फिरली की त्यातून अख्ख्या वाद्यवृंदाचा भास व्हावा असे सूर निघत. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’मधले एक गाणे त्या पोराने या यंत्रावरच पहिल्यांदा ऐकले, आणि मोझार्टवरची त्याची भक्ती पुढे कधीच उणावली नाही. त्याला शिकवायला ठेवलेल्या फान्नी ड्यूरबाख या बाईंची एक आठवण सांगतात. घरात एकदा गाणेबजावणे झाले, आणि पोराला लवकर झोपायला पाठवले. बाई पाहायला गेल्या तर तो अंथरुणात उठून बसून रडत होता. संगीत केव्हाच थांबले होते. त्याच्या डोक्यात मात्र ते चालूच होते, आणि ते थांबवा म्हणून तो विनवत होता. संगीत मुलाला आनंद देते असे सरसकट म्हटले जाते. ही आठवण जरा वेगळे सांगते. लहान वयात संगीत आत शिरते ते दार न ठोठावता, आणि त्याला बाहेर काढायची वाट त्या वयात ठाऊक नसते.

चायकोव्हस्कीच्या हातून बॅले पहिल्यांदा घडला तोही मुलांसाठीच, आणि घरातच. युक्रेनमधल्या कामेंका इथे त्याची बहीण अलेक्सांद्रा राहत असे. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने तिथे भाच्यांना घेऊन हंसांच्या सरोवराचा एक छोटा खेळ बसवला, असे त्या कुटुंबात सांगितले जाई. लाकडाचे मोठाले हंस होते, भाऊ मोदेस्त राजपुत्र झाला होता, आणि मामा स्वतः मुलांना पावले दाखवत होता. पुढे १८७७ मध्ये मॉस्कोत जे ‘स्वान लेक’ रंगमंचावर आले, त्याच्या मागे हा घरगुती खेळ उभा आहे. चायकोव्हस्कीला स्वतःचे मूल नव्हते. भाचरांवर त्याचा विलक्षण जीव होता. त्याच्या बॅलेसंगीतात मुलांची जी समज दिसते ती वाचून आलेली नाही.

‘द स्लीपिंग ब्यूटी’ची कल्पना मात्र दरबारातून आली. शाही नाट्यगृहांचा संचालक इव्हान व्सेव्होलोझ्स्की याने १८८८ मध्ये पत्र लिहून शार्ल पेरोची जुनी फ्रेंच परीकथा सुचवली. शाप मिळालेली राजकन्या, बोटाला टोचलेली चाती, शंभर वर्षांची झोप, आणि शेवटी राजपुत्र आल्यावर येणारी जाग. व्सेव्होलोझ्स्कीने पोशाखांची चित्रे स्वतः काढली. नृत्ये बसवणार होता मारियस पेतिपा, मार्सेयमध्ये जन्मलेला आणि १८४७ पासून पीटर्सबर्गला राहिलेला कडक शिस्तीचा माणूस. पेतिपा घरी टेबलावर लहान लहान बाहुल्या मांडून आधी सगळा व्यूह ठरवी, आणि मगच तालमीला जाई.

संगीतकाराला त्याने दिलेल्या सूचना आज वाचताना नवल वाटते. कुठे तालाची किती आवर्तने हवीत, कुठे दोन मात्रांचा ताल आणि कुठे तीन मात्रांचा, कुठे एकदम शांतता, हे सगळे त्याने लिहून दिले होते. म्हातारी चाती घेऊन बसली आहे तेव्हा ताल दोनाचा. हळूहळू तो तिनाच्या गोड वॉल्ट्झमध्ये वळावा. मग अचानक थांबावा, कारण इथे राजकन्येचे बोट टोचले जाते. पुढे वेदना, रक्त, भोवळ, आणि नाचता नाचता वेडीपिशी झालेली राजकन्या अरोरा. नीलमण्याच्या परीसाठी त्याने पाच मात्रांचा ताल मागितला, नीलमण्याला पाच पैलू असतात म्हणून. झपताल ऐकत वाढलेल्या कानाला ही विषम चाल फार परकी वाटणार नाही. त्या काळच्या युरोपीय नर्तकांना मात्र ती पायांत बसवणे अवघडच होते. दुसऱ्या अंकात राजपुत्र नावेतून निघतो आणि मागे रंगवलेल्या कापडाची लांबच लांब पट्टी सरकत जाते. तिथले संगीत किती वेळ चालावे, हे त्या कापडाच्या लांबीवर ठरायचे होते.

इतक्या बंधनांत कुणी गुदमरला असता. चायकोव्हस्की खुलला. कच्चा आराखडा पुरा झाल्यावर त्याने हस्तलिखितावर टिपून ठेवले की तुकड्यातुकड्याने मिळून हे काम साधारण चाळीस दिवसांत झाले. कापडाच्या लांबीवर मोजून दिलेल्या त्या नौकाप्रवासात त्याने खालच्या वाद्यांना एका ठेक्यावर ठेवले आणि वरच्या धुनेला दुसऱ्या. दोन्ही एकमेकांवरून अलगद घसरत जातात, आणि ऐकणाऱ्याला पाण्यावर असल्यासारखे वाटते. वाद्यांची निवडही तशीच. कनारी पक्ष्याच्या परीला चिमुकली पिकोलो बासरी, निळ्या पाखराला बासरी आणि क्लॅरिनेट, आणि बूट घातलेल्या बोक्याच्या नृत्यात लाकडी फुंकवाद्यांतून चक्क म्यांव. मुलाला ते समजावून सांगावे लागत नाही.

या सगळ्याच्या आधी, पडदा उघडण्यापूर्वी, जे वाजते ते या बॅलेतले सर्वांत धीट पान म्हणायला हवे. प्रस्तावना सुरू होते ती थेट दुष्ट परी काराबोसच्या धुनेने. सगळा वाद्यवृंद पूर्ण जोरात तुटून पडतो. सूर दातेरी, फटकारे मारणारे. मग ते वादळ ओसरते, हार्पच्या तारा हलकेच छेडल्या जातात, आणि त्यांवरून इंग्लिश हॉर्न हे खर्जाकडे झुकणारे, थोडे उदास लाकडी वाद्य लिलाक परीची धून गाऊ लागते. शाप आणि उःशाप, दोन्ही काही मिनिटांत सांगून होतात. रंगमंचावर अजून कुणीही आलेले नसते. अंधारात बसलेल्या मुलाला आधी भीती मिळते, मग आसरा, आणि दोन्हींना अजून चेहरा नसतो. पुढे तीन तास रंगमंचावर जे घडते ते या काही मिनिटांना चेहरे देणे असते. गोष्ट आधी संगीताने सांगायची आणि मग ती नाचाने दाखवायची, हा क्रम इथे उघडपणे पाळला आहे. मुलांचा त्यावर चटकन विश्वास बसतो.

पहिला प्रयोग १५ जानेवारी १८९० रोजी झाला. तेव्हाच्या रशियन पंचांगात ती ३ जानेवारी होती, नाताळच्या सणाचे दिवस. अरोरा झाली होती इटलीची कार्लोत्ता ब्रियांझा. एन्रिको चेकेत्तीने काराबोस आणि निळे पाखरू, अशा दोन टोकांच्या भूमिका एकाच रात्री केल्या. आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीला झार तिसरा अलेक्झांडर आला होता. ‘छान आहे’ एवढेच बोलून तो पुढे गेला. चायकोव्हस्कीला ते लागले. रोजनिशीत त्याने ते दोन शब्द उद्गारचिन्हांची रांग लावून लिहून ठेवले. राजाला जे छान यापलीकडे काही वाटले नाही, त्याची खरी दाद वरच्या स्वस्त रांगांत बसलेली मुले देणार होती.

आना पाव्हलोव्हा १८८१ साली जन्मली. आई कपडे धुण्याचे काम करी. घरात चणचण कायमची. तरी एका नाताळला आईने आठ वर्षांच्या मुलीला मारिइन्स्कीत नेले. वाटेत तिने झोपलेल्या राजकन्येची गोष्ट सांगितली. पुढे जगभर नाव झाल्यावर पाव्हलोव्हाने या संध्याकाळविषयी लिहिले. वाद्यवृंदाचे पहिले सूर कानांवर पडताच आपण गंभीर झालो, थरथरू लागलो, असे ती सांगते. म्हणजे तिला धरले ते काराबोसच्या धुनेने आणि तिच्यामागून आलेल्या लिलाक परीने. रंगमंच तिने अजून पाहिलाही नव्हता. पुढे मुलामुलींचा एक घोळका वॉल्ट्झ नाचू लागला तेव्हा आईने विचारले, तुला असे नाचायला आवडेल का? मुलगी म्हणाली, असे नको. ती सुंदर बाई नाचते तसे. एक दिवस मी राजकन्या होईन, आणि याच नाट्यगृहात.

या उत्तरात बालिश हट्ट दिसतो, पण त्यात तिचे ऐकणेही आहे. घोळक्याच्या वॉल्ट्झमध्ये सूर सगळ्यांना सारखा वाटलेला असतो. अरोरा येते तेव्हा वाद्यवृंद एका व्यक्तीसाठी वाजू लागतो. तिच्या मागे धावतो, ती तोल सावरून एका पायावर उभी राहिली की तिच्यासाठी थांबतो. मुलीला ते थांबणे हवे होते. वय कमी म्हणून शाही नाट्यशाळेने तिला आधी परत पाठवले. १८९१ मध्ये घेतले. पुढे त्याच रंगमंचावर ती अरोरा झाली.

पाव्हलोव्हाने नंतर जग पालथे घातले. १९२० च्या दशकात ती हिंदुस्थानात आली, मुंबईतही नाचली. इथला एक धागा महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. लीला सोखी, ज्यांना लोक मॅडम मेनका म्हणून ओळखत, मुंबईत राहत. पाव्हलोव्हाच्या प्रोत्साहनाने त्या कथ्थककडे अधिक गांभीर्याने वळल्या, कथ्थकच्या अंगाने नृत्यनाट्ये रचू लागल्या आणि १९३८ मध्ये खंडाळ्याला त्यांनी नृत्यालयम ही संस्था काढली. त्यांच्याकडे लहानपणापासून वाढलेल्या दमयंती जोशी पुढे कथ्थकमधले मोठे नाव झाल्या. पीटर्सबर्गच्या वाद्यवृंदाचा एकही सूर खंडाळ्यात वाजला नसेल. गोष्टीला सलग नृत्यनाट्याचा आकार द्यावा ही हौस मात्र त्याच घरातली होती.

इगॉर स्त्राव्हिन्स्कीची ओळख वेगळ्या रीतीने झाली. तो १८८२ चा. वडील फ्योदोर मारिइन्स्कीत खर्जाच्या आवाजाचे नामांकित गायक, आणि घर नाट्यगृहाच्या शेजारीच, क्र्युकोव्ह कालव्यावर. सात-आठ वर्षांचा असताना त्याला ‘द स्लीपिंग ब्यूटी’ला नेले तेव्हा कथा त्याला पाठ होती, संगीत ओळखीचे होते, पावलांची नावेही येत होती. नवखेपणाशिवाय भारून जाणे शक्य आहे का? त्याच्या बाबतीत होते. पाव्हलोव्हाला अनोळखीपणाने हलवले. याला, आधीच ठाऊक असलेली गोष्ट डोळ्यांसमोर खरी होताना पाहून. माहिती असली की जादू उडते, असे मुलांविषयी नेहमी बोलले जाते. या मुलाच्या आठवणी त्याला दुजोरा देत नाहीत. काही वर्षांनी त्याच नाट्यगृहाच्या मोकळ्या जागेत आईने त्याला दुरून एक माणूस दाखवला: पांढरे केस, रुंद खांदे. तो चायकोव्हस्की होता. १८९३ मध्ये तो वारला. ती पाठमोरी आकृती स्त्राव्हिन्स्की म्हातारपणापर्यंत विसरला नाही.

पुढे ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ लिहून ज्याने १९१३ मध्ये पॅरिसमध्ये गदारोळ उडवून दिला, त्याने चायकोव्हस्कीच्या गोडव्याची टर उडवली असती तरी कुणाला नवल वाटले नसते. त्या काळी ती रीतच होती. त्याने उलट केले. १९२१ मध्ये बॅले-निर्माता दियागिलेव्हने लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात हा बॅले पुन्हा उभा केला. पीटर्सबर्गच्या प्रयोगात गाळलेल्या काही जागा फक्त पियानोच्या प्रतीत उरल्या होत्या. त्यांतल्या दोन स्त्राव्हिन्स्कीने पुन्हा वाद्यवृंदासाठी बांधून दिल्या. ‘द टाइम्स’मध्ये खुले पत्र लिहून त्याने चायकोव्हस्कीची बाजू घेतली. त्या प्रयोगात काराबोस झाली होती ब्रियांझा, एकतीस वर्षांपूर्वीची पहिली अरोरा. पैशाच्या हिशेबात दियागिलेव्ह पुरता बुडाला. स्त्राव्हिन्स्कीच्या मनातून ते संगीत तरीही गेले नाही. १९२८ मध्ये त्याने चायकोव्हस्कीची गाणी आणि पियानोचे तुकडे घेऊन ‘द फेअरीज किस’ हा बॅले रचला. बाळपणी कपाळावर परीचा ओठ टेकलेला एक मुलगा, आणि मोठेपणी त्याला आपल्याकडे ओढून नेणारी तीच परी, अशी ती कथा. ती त्याने चायकोव्हस्कीलाच अर्पण केली.

जॉर्ज बॅलनशीन, मूळ नाव गिओर्गी बालांचिवाद्झे, १९०४ साली जन्मला. वडील जॉर्जियाचे संगीतकार. १९१३ मध्ये शाही नाट्यशाळेत तो गेला तो बहिणीच्या परीक्षेच्या निमित्ताने, आणि भरती तोच झाला. शाळा त्याला आवडेना. एकदा तो तिथून पळूनही गेला. मग ‘द स्लीपिंग ब्यूटी’मध्ये त्याला एका चिमुकल्या मदनाचे काम मिळाले. त्याला एका सोनेरी पिंजऱ्यावर बसवले होते. पडदा वर गेला, समोर निळ्या-सोनेरी रंगातले भरलेले नाट्यगृह, आणि खालून वाद्यवृंद सुरू झाला. तिथे बसल्याबसल्या आपण बॅलेच्या प्रेमात पडलो, असे त्याने पुढे सांगितले.

तिघांत याचे ऐकणे सर्वांत दुर्मीळ. प्रेक्षकाकडे संगीत समोरून येते. रंगमंचावरच्या मुलाकडे ते पायांखालून, उलट बाजूने वर चढते, आणि त्याच क्षणी हजारभर डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. त्याला बसल्या जागेवरून हलायचे नसते, पण बसणेही तालातच असते. बॅलनशीनच्या पुढच्या कामात हे ठळक दिसते. गोष्ट गळाली तरी चालेल, संगीत डोळ्यांना दिसले पाहिजे, असा त्याचा आग्रह राहिला. अमेरिकेत गेल्यावर १९३४ मध्ये त्याने तिथे बसवलेला पहिला बॅले ‘सेरेनाड’. संगीत चायकोव्हस्कीचे, कथा जवळजवळ नाहीच.

आज बहुतेक मुलांना हे संगीत नाट्यगृहात भेटत नाही. डिस्नेच्या १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ या चित्रपटाचे संगीत याच बॅलेवरून बेतलेले आहे. जंगलातले तिथले गाजलेले गाणे म्हणजे पहिल्या अंकातला हारांचा वॉल्ट्झ. मारिइन्स्कीत त्या नाचात शाळेची मुले फुलांचे हार घेऊन उतरत. मुंबई-पुण्यातल्या अनेक घरांत तो सूर टीव्हीवरून येऊन गेला आहे, आणि मुलांना तो चायकोव्हस्कीचा म्हणून कुणी सांगितलेले नाही. सांगितले नाही म्हणून फारसे बिघडत नाही. तिनाचा ठेका तिथेही पायांत उतरतो. उणे असते ते एवढेच की भीती कमी झालेली असते. पडद्याआधीची काराबोस, खुर्चीतून चढत येणारा तो पहिला आघात, दिवाणखान्यातल्या स्पीकरमधून पुरता येत नाही.

बॅलनशीनने १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘द नटक्रॅकर’ बसवला तेव्हा त्यात आपल्या शाळेची मुले भरभरून घेतली. पाहुणे पांगतात, घर झोपते, लहान मुलगी खाली येऊन बाहुल्याला कवटाळून कोचावर झोपी जाते, आणि आई येऊन तिला पांघरूण घालते. या जागेसाठी ‘नटक्रॅकर’मध्ये संगीत नव्हते. त्याने ते ‘द स्लीपिंग ब्यूटी’तून आणले: दुसऱ्या अंकातला एकट्या व्हायोलिनचा प्रदीर्घ तुकडा, जो १८९० च्या प्रयोगात गाळला गेला होता. न्यूयॉर्क सिटी बॅले दर डिसेंबरला हा प्रयोग करते. प्रेक्षागृहात मुलांची गर्दी असते, त्यांतली बरीच पहिल्यांदाच आलेली. आणि पीटर्सबर्गच्या त्या तीन मुलांपैकी कुणालाही लहानपणी मारिइन्स्कीत ऐकायला न मिळालेला तो तुकडा ती ऐकतात.